विश्लेषण : ४८ केबीत अख्खा गेम कसा मावायचा? टेपवरचे जुने गेम आता का हरवत आहेत?

युसूफ वडगाव (ता. केज) : संध्याकाळी पारावर किंवा बसथांब्यावर बसलेल्या पोरांच्या हातात आज फोन असतो आणि फोनमध्ये एखादा तरी गेम असतो. ‘स्टोरेज फुल’ असा निरोप आला की आधी लग्नातले फोटो उडवले जातात, गेम मात्र राहतो. हा एकेक गेम एक-दोन जीबी जागा सहज घेतो.

चाळीस वर्षांपूर्वी याच मापाचा मजा देणारे गेम ४८ केबी मेमरीच्या यंत्रावर चालत होते. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा ‘शुभ सकाळ’चा एक फोटोही बहुतेक वेळा याहून मोठा असतो. ते यंत्र टीव्हीला जोडले जायचे, गेम टेपरेकॉर्डरवरून चढवला जायचा आणि असे यंत्र आपल्या पुण्यातूनही विकले जात होते.

हे गेम कसे चालायचे, मराठवाड्याच्या गावांपर्यंत त्यांतले काय पोहोचले, आणि आज ते कायमचे नाहीसे होण्याची भीती का आहे? घरच्या माळ्यावर एखादे जुने खोके पडलेले असेल, तर ते भंगारात देण्याआधी हे वाचायला हवे.

होम कॉम्प्युटर म्हणजे नेमके काय?

१९७० च्या दशकापर्यंत संगणक म्हणजे मोठ्या खोलीत, वातानुकूलित हवेत ठेवलेले यंत्र. एकाच चिपवर अख्खा प्रोसेसर बसवणे शक्य झाले आणि चित्र पालटले. कळफलकाच्या आतच सगळा संगणक, पडद्यासाठी घरचा टीव्ही आणि प्रोग्रॅम साठवण्यासाठी घरचा टेपरेकॉर्डर, अशी जुळणी तयार झाली. तिलाच होम कॉम्प्युटर म्हणत.

ब्रिटनच्या सिंक्लेअर रिसर्च कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ बाजारात आणला. १६ केबी मेमरीचा संगणक १२५ पौंडांना आणि ४८ केबीचा १७५ पौंडांना. त्याच काळात अमेरिकेत अ‍ॅपल २ आणि कमोडोर ६४, तर ब्रिटनच्या शाळांत बीबीसी मायक्रो चालत होता.

या यंत्रांत एक गोष्ट सारखी होती. बटण दाबले की पडद्यावर अ‍ॅपची रांग दिसत नसे. दिसायची ती ‘बेसिक’ या भाषेत आज्ञा लिहिण्याची रिकामी जागा. गेम खेळायचा असला तरी निदान एक आज्ञा टाइप करावीच लागे. त्यामुळे खेळणारा आणि प्रोग्रॅम लिहिणारा यांच्यात फार मोठे अंतर नव्हते.

भारतात आणि महाराष्ट्रात ते कसे आले?

नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले. संगणक आणि त्याचे सुटे भाग आणण्यावरची बंधने सैल झाली. त्याच शैक्षणिक वर्षात, म्हणजे १९८४-८५ मध्ये, शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीला देशातील सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो संगणक देण्यात आले. पुढे या प्रकल्पात आलेल्या अशा संगणकांची संख्या १२ हजारांवर गेली. भारतीय शाळकरी मुलांच्या एका पिढीने पहिल्यांदा हात लावलेला संगणक हाच.

महाराष्ट्राचा थेट धागा पुण्यात सापडतो. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिंक्लेअरच्या यंत्राची परवानाप्राप्त आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने भारतात विकली. १९८८ मध्ये याच शहरात सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये तिथे ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. म्हणजे एकाच शहरात, जवळपास एकाच काळात, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा असे दोन्ही प्रकारचे संगणक होते. फरक एवढाच की महासंगणकाच्या नोंदी सरकारदरबारी नीट राहिल्या. घरच्या संगणकाची नोंद ठेवण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती.

युसूफ वडगावसारख्या गावांत मग काय पोहोचले?

पुण्यापासून अडीचशे किलोमीटरहून दूर असलेल्या गावांत होम कॉम्प्युटर घराघरात कधी आलाच नाही. तोवर टीव्हीच अनेक घरांत नव्हता आणि जिथे होता तिथे गल्ली गोळा होत असे. पण त्या काळातले गेम मात्र आले. ते तीन वाटांनी आले.

पहिली वाट टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची. जपानच्या निन्तेन्दो कंपनीचा ‘फॅमिकॉम’ १५ जुलै १९८३ रोजी आला. त्याच्या नकला पुढे आशियाभर विकल्या गेल्या. भारतात मीडिया व्हिडिओ कंपनीचा ‘सामुराई’ गाजला. १९९० च्या दशकात तालुक्याच्या बाजारपेठेत असे खोके मिळू लागले. मारिओ, कॉन्ट्रा आणि बदके मारायचा गेम पोरांना पाठ झाला. प्लास्टिकच्या चौकोनी कार्ट्रिजला सगळे ‘कॅसेट’च म्हणायचे. तिच्यावर ‘९९९९९९ इन १’ असे छापलेले असे आणि आत दहा-वीसच गेम नावे बदलून पुन्हा पुन्हा यायचे, हे खेळलेल्या प्रत्येकाला आठवत असेल.

दुसरी वाट हातातल्या ‘ब्रिक गेम’ची. जत्रेत, आठवडी बाजारात मिळणाऱ्या या खेळण्यातला मुख्य गेम म्हणजे ‘टेट्रिस’. तो अलेक्सी पाजित्नोव या रशियन प्रोग्रॅमरने १९८० च्या दशकाच्या मध्यात मॉस्कोत लिहिला. ज्या संगणकावर लिहिला त्याला चित्रे काढताच येत नव्हती, म्हणून विटा कंसाच्या चिन्हांनी दाखवल्या होत्या.

तिसरी वाट कॉम्प्युटर क्लासची. १९९० नंतर तालुक्या-तालुक्यात क्लास निघाले. तिथे डॉसच्या आज्ञा शिकवून झाल्या की शेवटच्या दहा मिनिटांत ‘डेव्ह’ नाहीतर ‘प्रिन्स’ लागायचा. ‘डेंजरस डेव्ह’ जॉन रोमेरोने १९८८ मध्ये आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ जॉर्डन मेकनरने १९८९ मध्ये अ‍ॅपल २ या होम कॉम्प्युटरसाठी लिहिला होता. नंतर ते पीसीवर आले. म्हणजे केज-अंबाजोगाईच्या क्लासमध्ये बसलेली पोरे नकळत होम कॉम्प्युटरच्या काळातलेच गेम खेळत होती.

टेपवरून गेम चढायचा कसा?

टेप म्हणजे गाण्याचीच साधी कॅसेट. तिच्यावर गाण्याऐवजी कर्कश किरकिर भरलेली असे. संगणकाला फक्त ० आणि १ समजतात. स्पेक्ट्रममध्ये ० साठी आवाजाची छोटी लहर आणि १ साठी तिच्या दुप्पट लांबीची लहर वापरली जायची. संगणक प्रत्येक लहरीची लांबी मोजायचा आणि त्यावरून ० की १ हे ठरवायचा.

हा वेग सेकंदाला सरासरी १,५०० बिटच्या आसपास होता. ४८ केबी म्हणजे ४९,१५२ बाइट आणि प्रत्येक बाइटमध्ये ८ बिट. हिशेब केला तर पूर्ण मेमरी भरायला साडेचार मिनिटांच्या आसपास लागतात. तेवढा वेळ पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे नाचत राहायचे.

या साडेचार मिनिटांत काहीही बिनसू शकायचे. टेपरेकॉर्डरचा आवाज कमी-जास्त झाला, हेडवर धूळ बसली, हेडचा कोन किंचित सरकला, की सगळे पहिल्यापासून. मेमरीतली माहिती वीज असेपर्यंतच टिकते. त्यामुळे गेम चढला आणि वीज गेली, तर काय व्हायचे हे मराठवाड्यात वेगळे सांगायला नको.

डबल डेकवर गाण्याची कॅसेट उतरवतात तसा गेमही उतरवता यायचा. प्रत्येक नकलेत आवाज थोडा बिघडायचा. गाण्यात तो चालून जातो, गेममध्ये एक बिट चुकला तरी सगळा प्रोग्रॅम अडतो. ही बाब पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

४८ केबीत चित्र कसे मावायचे?

इथे खरी करामत आहे. स्पेक्ट्रमचा पडदा २५६ आडव्या आणि १९२ उभ्या ठिपक्यांचा. गुणाकार केला तर ४९,१५२ ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला एक बाइट दिला तर ४९,१५२ बाइट लागतील. ही तर यंत्राची पूर्ण ४८ केबी मेमरी झाली! चित्र येईल, पण गेमसाठी एकही बाइट उरणार नाही.

त्यावर काढलेला तोडगा असा. ठिपका लागला की विझला, एवढेच एका बिटमध्ये लिहायचे. मग ४९,१५२ ठिपक्यांना ६,१४४ बाइट पुरतात. रंगासाठी पडद्याचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. असे ३२ गुणिले २४, म्हणजे ७६८ चौकोन होतात. प्रत्येक चौकोनाला एक बाइट आणि त्यात फक्त दोन रंग : एक शाईचा, एक कागदाचा. एकूण खर्च ६,९१२ बाइट. ४८ केबीतली सातवा हिस्सा जागा देऊन रंगीत पडदा मिळाला.

याची किंमतही मोजावी लागली. हिरव्या झाडासमोरून पिवळा माणूस गेला की त्या चौकोनात तिसरा रंग बसायचा नाही. मग माणूस हिरवा व्हायचा नाहीतर झाड पिवळे. त्या काळातले गेम काळ्या पार्श्वभूमीवर जास्त का दिसतात, याचे एक कारण हेच.

एखादे पात्र काढायला किती जागा लागते, हे वहीच्या चौकटीच्या कागदावर करून पाहता येते. आठ आडव्या ओळी, प्रत्येकीत आठ घरे. भरलेले घर १, रिकामे घर ०. डावीकडून घरांची किंमत १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. प्रत्येक ओळीतल्या भरलेल्या घरांची बेरीज करायची. ६०, १२६, २४८, २४०, २४०, २४८, १२६, ६० हे आठ आकडे कागदावर उतरवले, तर उजवीकडे तोंड वासलेला ‘पॅकमॅन’सारखा गोळा तयार होतो. आठ आकडे, आठ बाइट, एक पात्र. त्या काळी असे आकडे मासिकांत छापून यायचे आणि मुले ते टाइप करून गेम उभा करायची. याच पद्धतीने ‘क’ किंवा ‘म’ काढला तर इंग्रजी यंत्रावर देवनागरी अक्षरही उमटते.

२२ केबीत २,०४८ ग्रह कसे बसले?

‘एलीट’ हा अवकाशातला व्यापाराचा गेम डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी १९८४ मध्ये बीबीसी मायक्रोसाठी लिहिला. हाच संगणक पुढे ‘क्लास’ प्रकल्पातून भारतीय शाळांत आला. त्याच्यात एकूण ३२ केबी मेमरी आणि त्यातली गेमसाठी मिळणारी जागा २२ केबीच्या घरात. तरीही गेममध्ये ८ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह होते. प्रत्येक ग्रहाला नाव, राज्यपद्धती, मालाचे भाव.

ही यादी कुठेही साठवलेली नव्हती. सहा बाइटमध्ये मावणारे तीन आकडे घ्यायचे, त्यांची ठरावीक पद्धतीने बेरीज करत पुढचे आकडे काढायचे आणि त्या आकड्यांवरून ग्रहाचे नाव आणि गुण ठरवायचे. सुरुवातीचे आकडे तेच असल्याने प्रत्येक वेळी तेच ग्रह त्याच जागी निघायचे. हजार भाकरी डब्यात भरून नेण्याऐवजी पीठ आणि तवा सोबत न्यावा, तसा हा प्रकार. आजच्या अनेक मोठ्या गेममधली डोंगर-दऱ्यांची दुनिया याच तत्त्वावर तयार होते.

ढग आणि झुडूप एकच?

मारिओ खेळलेल्यांनी एकदा नीट पाहावे. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये आकाशातला पांढरा ढग आणि जमिनीवरचे हिरवे झुडूप यांचे चित्र एकच आहे, फक्त रंग बदलला आहे. अख्खा गेम ४० केबीत बसवायचा होता. वेगळे झुडूप काढायला जागा खर्च करणे परवडणारे नव्हते.

‘प्रिन्स’ची गोष्ट याहून रंजक आहे. मेकनरने आपल्या भावाला धावताना, उड्या मारताना चित्रित केले आणि त्या हालचालींवरून राजपुत्राच्या आकृत्या काढल्या. त्या आकृत्यांनीच मेमरी भरली. गेममध्ये चुरस यायला दुसरे पात्र हवे होते, पण त्याच्यासाठी जागा नव्हती. मग राजपुत्राचीच आकृती एक बिट सरकवून तिच्यावरच विशिष्ट गणिती क्रियेने चढवली. त्यातून चमचमती, भुतासारखी बाह्याकृती तयार झाली. आरशातून बाहेर पडणारा, वाटेत आडवा येणारा तो ‘सावलीचा राजपुत्र’ असा जन्माला आला. जागा नसल्यामुळेच गेमला त्याचा सर्वांत लक्षात राहणारा शत्रू मिळाला.

बदक मारायची बंदूक नव्या टीव्हीवर का चालत नाही?

माळ्यावरचा व्हिडिओ गेम काढून नव्या एलईडी टीव्हीला जोडणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. गेम दिसतो, बंदूक मात्र एकही बदक पाडत नाही. अनेकांना ती बिघडली असे वाटते.

त्या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. तिच्या नळीत उजेड ओळखणारा एक भाग असतो. चाप ओढला की गेम क्षणभर पूर्ण पडदा काळा करतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीला आधी अंधार आणि मग ठरलेल्या क्षणी उजेड दिसला, तर नेम लागला. आधी अंधार तपासण्याचे कारण, कुणी बंदूक बल्बकडे धरून फसवू नये.

ही सगळी वेळ जुन्या काचेच्या टीव्हीच्या गतीवर बांधलेली आहे. त्या पडद्यावर चित्र तत्काळ उमटायचे. एलईडी टीव्ही प्रत्येक चित्रावर प्रक्रिया करून ते थोडे उशिरा दाखवतो, शिवाय त्याच्या उजेडाची लय वेगळी असते. बंदूक वाट पाहते तो क्षण निघून गेलेला असतो. म्हणजे कार्ट्रिज शाबूत, यंत्र शाबूत, बंदूक शाबूत, तरीही गेम गेला. कारण गेमचा एक भाग त्या जुन्या टीव्हीतच होता.

हे गेम हरवत का आहेत?

पुस्तक पन्नास वर्षांनी उघडले तरी वाचता येते. गेमचे तसे नाही. त्याला त्याचे यंत्र, ते यंत्र चालवणारा प्रोग्रॅम, पडदा आणि ज्यावर तो साठवला ती वस्तू, हे सगळे एकाच वेळी जिवंत असावे लागते.

यांतली सर्वांत नाजूक वस्तू म्हणजे टेप आणि फ्लॉपी. दोन्हींवर माहिती चुंबकीय थरात लिहिलेली असते. हा थर काळाबरोबर कमजोर होतो आणि सुटतोही. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीतली उष्णता आणि पावसाळ्यातली ओल, दोन्ही त्याच्या मुळावर येतात. गाण्याची कॅसेट खराब झाली तर आवाज घोगरा येतो, प्रोग्रॅमची कॅसेट खराब झाली तर काहीच येत नाही.

अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळतच नाहीत, असे तिच्यात आढळले. ही स्थिती गाजलेल्या, नोंदी असलेल्या देशातली. भारतात शाळेतल्या शिक्षकांनी, क्लास चालवणाऱ्यांनी, हौशी मुलांनी लिहिलेले छोटे प्रोग्रॅम तर बहुतेक कधी कुठे नोंदवलेच गेले नाहीत. त्यांची एकमेव प्रत एखाद्या डब्यात पडलेली असू शकते.

प्रसिद्ध गेमही यातून सुटलेले नाहीत. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा मूळ कोड वर्षानुवर्षे सापडत नव्हता. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना घर आवरताना एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या. जाणकारांना बोलावून, जुनी यंत्रे जुळवून त्या वाचण्यात आल्या आणि एप्रिल २०१२ मध्ये कोड सर्वांसाठी खुला झाला. ते खोके आधीच कचऱ्यात गेले असते तर जगातल्या सर्वांत गाजलेल्या गेमपैकी एकाचा मूळ दस्तऐवज संपला होता.

कायदा काय म्हणतो?

भारतात संगणक प्रोग्रॅमला १९८४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याचे संरक्षण मिळाले. कायद्याच्या दृष्टीने तो साहित्यकृतीत मोडतो. त्यामुळे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्यावर हक्क राहतो. कंपनी बंद पडली, गेम बाजारातून गेला, तरी तो आपोआप फुकट होत नाही.

मात्र प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे, त्याला ती नष्ट किंवा खराब होण्याच्या भीतीने राखीव प्रत करून ठेवण्याची मुभा कलम ५२ मध्ये आहे. स्वतःच्या कॅसेटची प्रत स्वतःसाठी उतरवणे आणि ती नेटवर टाकणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अडचण अशी की चुंबकीय टेप एवढी वर्षे थांबत नाही. हक्क संपेपर्यंत मूळ वस्तू उरणारच नाही. अमेरिकेत ग्रंथालयांना असे गेम दुरून अभ्यासासाठी उपलब्ध करून देऊ द्यावेत, ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. दुसरीकडे काही हक्कधारकांनी स्वतःहून दार उघडले. सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय विकत घेणाऱ्या अ‍ॅमस्ट्रॅडने १९९९ मध्ये स्पेक्ट्रममधला मूळ प्रोग्रॅम एम्युलेटरसोबत वाटायला परवानगी दिली. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारे सॉफ्टवेअर. त्यामुळेच आज साध्या फोनवरही स्पेक्ट्रम उभा राहतो.

घरात जुने सामान असेल तर काय करावे?

* कॅसेट : लगेच वाजवू नका. आधी दुसरी, नको असलेली कॅसेट लावून टेपरेकॉर्डर फीत ओढत नाही ना, हे पाहा. हेड साफ करा. मग एकदाच वाजवून आवाज संगणकात किंवा फोनमध्ये थेट वायरने रेकॉर्ड करा. फाइल ‘वेव्ह’ प्रकारात ठेवा, एमपी३ करू नका. एमपी३ फाइल लहान करताना आवाजातले बारकावे काढून टाकते आणि इथे बारकावे हाच प्रोग्रॅम आहे.

* फ्लॉपी : साडेतीन इंची फ्लॉपी यूएसबी ड्राइव्हवर वाचता येते. सव्वापाच इंचीसाठी जुना ड्राइव्ह आणि जाणकार लागतो. बुरशी दिसत असेल तर ड्राइव्हमध्ये घालूच नका. ड्राइव्हचे हेड आणि फ्लॉपी दोन्ही खराब होतात.

* व्हिडिओ गेमची ‘कॅसेट’ : फुंकर मारू नका. फुंकरीने गेम चालायचा असे वाटते, पण काम होते ते कार्ट्रिज काढून पुन्हा घट्ट बसवल्यामुळे. तोंडातल्या ओलाव्याने धातूच्या पट्ट्या गंजतात. कापसाच्या काडीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्ट्या पुसा आणि वाळू द्या.

* जुना टीव्ही : बंद असला तरी आत जास्त दाबाची वीज साठलेली असू शकते. स्वतः उघडू नका.

* कागद : खोके, माहितीपत्रक, हाताने लिहिलेली प्रोग्रॅमची वही यांचे फोटो काढून ठेवा. टेप गेली तरी वहीवरून प्रोग्रॅम पुन्हा टाइप करता येतो. या सगळ्या सामानात कागदच सर्वांत टिकाऊ आहे.

आजच्या पोरांना याचा काय उपयोग?

४ जीबी रॅमच्या साध्या फोनमध्ये स्पेक्ट्रमच्या सुमारे ८७ हजार पट मेमरी आहे. तरीही त्या फोनवर नवा गेम ‘अडकतो’ आणि गावात नेटवर्क गेले की उतरवायला रात्र लागते. कमी जागेत काम भागवण्याची विद्या त्यामुळे जुनी झालेली नाही.

जगभर आजही मुद्दाम मर्यादा घालून गेम लिहिले जातात. ‘जेएस१३के’ या स्पर्धेत ब्राउझरवर चालणारा पूर्ण गेम १३ केबीत बसवावा लागतो. ‘पिको-८’ हे काल्पनिक गेमयंत्र १२८ बाय १२८ ठिपके आणि १६ रंग एवढेच देते. असा गेम कमकुवत नेटवर्कवरही क्षणात उतरतो. तो लिहायला महागडा संगणक लागत नाही आणि एकट्या मुलालाही तो पूर्ण करता येतो.

‘मॅनिक मायनर’ हा १९८३ चा २० गुहांचा गाजलेला गेम मॅथ्यू स्मिथ या किशोरवयीन मुलाने एकट्याने लिहिला होता. त्याच्याकडे असलेल्या साधनांपेक्षा आज केज तालुक्यातल्या कोणत्याही अकरावीच्या मुलाच्या खिशात जास्त साधने आहेत. फक्त फोन उघडला की समोर आज्ञा लिहायची रिकामी जागा येत नाही, ती शोधावी लागते. सुरुवात चौकटीच्या वहीपासूनही करता येईल : आठ ओळी, आठ घरे आणि वर दिलेले आठ आकडे.